इंजिन बंद झालं तरी मशीनमध्ये जोर उरतो

खंडेनवमीच्या दुपारी आमच्या यार्डात एकच गडबड असते. पाण्याचा टँकर आलेला असतो, वॉशिंगच्या पंपाचा आवाज घुमत असतो आणि जेसीबी, पोकलेन, रोलर एकामागोमाग एक धुवायला लागलेले असतात. एक जण हार आणायला गेलेला, नारळ केबिनमध्ये ठेवलेला. दसऱ्याला मशीन लख्ख दिसलंच पाहिजे याबद्दल कुणाचं दुमत नाही, माझंही नाही. ज्याच्यावर चार घरं चालतात त्या मशीनची एवढी सेवा व्हायलाच हवी.

पण मशीनांची देखभाल हेच माझं रोजचं काम असल्यामुळे दसऱ्यानंतरचे दिवसही मला माहीत आहेत. फोन सुरू होतात. “सेल्फ घेत नाही”, “मीटरवर लाल दिवा लागलाय”, “रात्री उभं केलं तेव्हा चांगलं होतं.” हे सगळं पाण्याने झालेलं नुकसान, आणि ते पैसे टाकून भरून निघतं. मशीन धुताना माणसाला होणारी इजा मात्र तशी भरून निघत नाही, आणि ती जवळजवळ नेहमी एकाच गैरसमजातून होते: मशीन बंद आहे, म्हणजे आता त्यापासून धोका नाही.

चावी फिरवली, आवाज थांबला, तरी मशीनमध्ये जोर शिल्लक असतो. तो चार ठिकाणी असतो: वर उचललेल्या लोखंडाच्या वजनात, पाइपांत दाबून धरलेल्या तेलात, तापलेल्या धातूत आणि बॅटरीत. पाचवा जोर आपण स्वतः हातात घेऊन येतो, तो म्हणजे पाण्याचा फवारा. हे पाच ओळखता आले की सुरक्षिततेच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचतात.

वजन आणि तेल

जेसीबीचं पुढचं बकेट वर उचलून, त्याखाली वाकून चिखल काढणारा हेल्पर तुम्ही पाहिला असेल. ते बकेट कशावर उभं आहे? फक्त तेलावर. ते उचलणाऱ्या जॅकमध्ये तेल अडकून आहे म्हणून ते वर आहे. एखादा जुना होस पाइप फाटला, किंवा केबिनमध्ये मोबाइल घ्यायला चढलेल्या कुणाचा गुडघा लिव्हरला लागला, तर इंजिन बंद असूनही बकेट आणि त्याचे दोन्ही आर्म खाली येतात. साडेसात टनांच्या आसपास वजन असलेल्या मशीनचा तो पुढचा भाग आहे. माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

यासाठी जेसीबीच्या लोडरच्या, म्हणजे पुढच्या बकेटच्या, जॅकच्या दांड्यावर बसवायचा एक लोखंडी सेफ्टी स्ट्रट असतो. आर्म वर असताना तो बसवला की तेल निघून गेलं तरी आर्म खाली येत नाही. कित्येक मशीनांचा हा स्ट्रट कुठेतरी गंजत पडलेला असतो, काहींचा भंगारात गेलेला असतो. तुमचा कुठे आहे ते आजच पाहा. आणि शक्य असेल तर आर्म वर ठेवून धुऊच नका. सपाट, टणक जागा बघा, वरून विजेच्या तारा जात नाहीत ना ते बघा, पुढचं-मागचं बकेट जमिनीला टेकवा, हँडब्रेक लावा, चाकाला ठोकळा लावा. जमिनीवर टेकलेलं लोखंड आणखी खाली पडू शकत नाही.

आता तेल. वीस टनी पोकलेनमध्ये काम करताना तेलाचा दाब साडेतीनशे बारच्या जवळपास जातो. कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते. म्हणजे टायरच्या दीडशे पट दाब. इंजिन बंद केलं तरी पाइपांत आणि जॅकमध्ये यातला काही दाब अडकून राहतो. बकेट टेकवल्यावर इंजिन बंद करायचं, चावी पुन्हा ऑनवर आणायची पण सेल्फ मारायचा नाही, कामाचे लिव्हर अडवून ठेवणारा सेफ्टी लिव्हर मोकळा करायचा आणि ते लिव्हर सगळ्या दिशांना काही वेळा पूर्ण हलवायचे. आत एका छोट्या बाटलीसारख्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये थोडा दाब साठवलेला असतो, त्याच्या जोरावर व्हॉल्व उघडतात आणि अडकलेला दाब टाकीकडे परत जातो. इंजिन बंद केल्यावर लगेच केलं तरच हे होतं. तासाभराने त्या साठ्यात काही उरत नाही. हायड्रॉलिक टाकीतही थोडा दाब असतो, तो टाकीच्या ब्रीदरवरून (हवा सोडायच्या झडपेवरून) किंवा झाकण हळूहळू सैल करून सोडतात.

हे सगळं धुण्याच्या आधी का? कारण चिखल निघाला की त्याखाली झाकलेली गळती दिसते, आणि गळती दिसली की माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. होस पाइपला सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तर त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, फक्त धुकं उडाल्यासारखं वाटतं. त्या धारेसमोर बोट आलं तर तेल कातडी भेदून आत शिरतं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवा. पुठ्ठ्यावर ओला ठिपका उमटेल, बोट शाबूत राहील.

अशी इजा झालीच तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जखम पाहिली तर हसू येईल इतकी लहान असते. रक्त फारसं येत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पट्टी यावर भागलं असं वाटतं. पण आत तेल स्नायूंच्या कडेने पसरत जातं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया करून ते काढलं नाही तर बोट, कधी हात गमवावा लागतो. दवाखान्यात गेल्या गेल्या “हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेलंय” असं स्पष्ट सांगा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय त्याच वेळी गाठा. वॉशिंग पंपाच्या पाण्यानेही हेच होतं.

चावी कुणाच्या खिशात?

पोकलेनच्या चेनमधला चिखल काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत कष्टाचं काम, आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं. आपल्याकडची काळी माती ओली असताना फुगते आणि चिकटते, वाळली की दगड होते. ती स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाच्या, दातांत आणि चेनवरच्या छोट्या रोलरच्या भोवती थापली गेली की चेन ताणली जाते, रोलर फिरायचे थांबून घासले जातात, आणि ज्या चेनचं आयुष्य हजारो तासांचं असतं ती अर्ध्यावर संपते. म्हणून माती ओली आहे तोवर, त्याच संध्याकाळी ती काढायची.

पद्धत अशी: वरचं धड आडवं फिरवायचं, बकेटची पाठ जमिनीवर दाबून त्या बाजूची चेन उचलायची आणि ती पुढे-मागे फिरवायची. बरीचशी माती झडून पडते. या वेळी जवळ कुणीही उभं राहायचं नाही, कारण मातीबरोबर दगडही उडतात. उरलेली माती पहारीने, फावड्याने काढायची ती चेन पुन्हा जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून.

एका साइटवर माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते सांगतो. चेन उचललेली होती, हेल्पर स्प्रॉकेटमध्ये पहार घालून माती उकरत होता. ऑपरेटर वर बसलेला. त्याला तिथून खालचं दिसत नव्हतं. पहारीचा आवाज थांबला म्हणून त्याला वाटलं झालं काम, आणि त्याने चेन जराशी फिरवली. जराशीच. पहार हेल्परच्या हातातून हिसकली गेली आणि त्याच्या कानाजवळून जाऊन मागच्या मुरमाच्या ढिगात अर्धी रुतली. तो पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. ऑपरेटर खाली उतरून त्याच्याशेजारी बसून राहिला.

दोघेही चांगले, दोघेही अनुभवी. चूक स्वभावाची नव्हती, पद्धत नसल्याची होती. तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे: जो मशीनखाली किंवा मशीनजवळ हात घालणार, चावी त्याच्या खिशात. ऑपरेटरच्या नाही, मुकादमाच्या नाही. दोघं जण काम करत असतील तर दोघंही बाहेर आल्याशिवाय चावी परत जात नाही. शिवाय स्टिअरिंगला किंवा लिव्हरला एक पाटी लटकवायची: “खाली माणूस आहे, चालू करू नका.” पाटी पत्र्याची असो की पुठ्ठ्याची. मोठ्या कंपन्यांत यासाठी कुलूप लावायची रीत असते, त्यामागचा विचार हाच.

चेनचा ताण कमी-जास्त करायचा ग्रीसचा व्हॉल्वही याच भागात असतो. धुताना तो मोकळा दिसतो आणि “जरा सैल करून बघू” असा मोह होतो. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. तो व्हॉल्व एका आट्यापेक्षा जास्त कधीही सोडू नका, आणि त्याच्यासमोर तोंड नेऊ नका.

गरम इंजिन, गार पाणी

दिवसभर चाललेल्या इंजिनाचा टर्बो आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचे असतात आणि काही शे अंश तापलेले असतात. त्यावर गार पाणी पडलं की बाहेरचा थर आकसतो, आतला तसाच राहतो, आणि तडा जातो. उडालेल्या वाफेने तोंड भाजतं ते वेगळंच. मग माती ओली असताना संध्याकाळी धुवायचं म्हटलं, तर इंजिन गरम. यावर माझा उपाय साधा आहे. संध्याकाळी फक्त खालचा भाग: चेन, चाकं, बकेट. इंजिनाचा कप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असताना. एका दमात सगळं उरकायची घाई केली की नुकसान ठरलेलं.

बॅटरीचा कटऑफ स्विच असेल तर तो बंद करा, नसेल तर निगेटिव्ह वायर काढा. इलेक्ट्रॉनिक इंजिनाच्या मशीनांत चावी बंद केल्यावर लगेच कटऑफ करू नये, थोडा वेळ द्यावा लागतो. किती, ते मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं.

इथेच जुन्या आणि नव्या मशीनमधला फरक कळतो. एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे स्टेज चारचे नियम लागले, जानेवारी २०२५ पासून स्टेज पाचचे. त्यामुळे साध्या डिझेल पंपाच्या जागी कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाने डिझेल पुरवणारी एकच नळी) आली, सेन्सर आले, कॉम्प्युटर आला, वायरिंगचे सॉकेट वाढले. जुन्या जेसीबीवर कसंही पाणी मारलं तरी तो सकाळी सुरू व्हायचा, म्हणून पंधरा वर्षं मशीन चालवलेल्या ऑपरेटरला वाटतं की आताही चालेल. नाही चालत. सॉकेटमध्ये शिरलेला पाण्याचा एक थेंब सेन्सरला चुकीचं वाचायला लावतो, आणि तो दोष शोधायला दोन दिवस जातात.

फवारा

वॉशिंग सेंटरवरच्या पंपाचा दाब सहज शंभर ते दोनशे बार असतो. हा आकडा पोकलेनच्या तेलाशी ताडून पाहा. आपल्या हातात पाण्याची नळी नसते, जवळजवळ हायड्रॉलिक पंपच असतो. तरीही चप्पल घालून, कधी अनवाणी तो चालवणारी मुलं मी रोज पाहतो. गमबूट, डोळ्यांवर चष्मा किंवा तोंडावर पारदर्शक ढाल, हातमोजे, एवढं मालकाने द्यायलाच हवं. यात काटकसर करू नये.

फवाऱ्याच्या बंदुकीचा घोडा सारखा दाबून बोट दुखतं म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो कायमचा दाबून ठेवतात. हे पाहिलं की मी ती पट्टी स्वतः कापून टाकतो. हात घसरला तर घोडा सुटून पाणी बंद व्हावं, यासाठीच तो बनवलेला आहे. पट्टी बांधलेली बंदूक खाली पडली की सापासारखी उसळते आणि समोर येईल त्याला फाडते. याच कारणाने ओल्या चेनवर किंवा बॉनेटवर चढून फवारा मारू नका. मागे ढकलणारा झटका बसतो आणि पाय निसटतो. जमिनीवर उभं राहा, उंचीसाठी लांब दांडा वापरा.

नोझलचे रंग बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात. लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार, पिवळं पंधरा अंश, हिरवं पंचवीस, पांढरं चाळीस. मशीनसाठी हिरवं पुरतं. लाल मी वापरू देत नाही. निदान फूटभर अंतर ठेवा. जॅकचा चकाकणारा दांडा जिथे आत जातो तिथलं सील, सांध्यांतल्या पिन-बुशच्या कडा, पोकलेनचं वरचं धड ज्या रिंगवर फिरतं तिची सील, यांच्यावर सरळ मारलं तर पाणी सील ओलांडून आत जातं, ग्रीस बाहेर काढतं आणि गंज मागे ठेवतं. अल्टरनेटर, सेल्फ, फ्यूजबॉक्स, एअर फिल्टरचं तोंड, सायलेन्सरचं तोंड, डिझेल टाकीचं झाकण: पाणी सुरू करण्याआधी हे सगळं प्लास्टिकने बांधा. केबिन आतून कपड्यानेच पुसायची.

रेडिएटरला वेगळा मान द्या. त्याच्या जाळीच्या पट्ट्या बोटानेही वाकतात. धूळ असेल तर आधी कोरड्या हवेने, पंख्याची हवा ज्या दिशेने जाते तिच्या उलट दिशेने, सरळ धरून फुंकायची. खडी क्रशरवरच्या मशीनवर तर आधी पाणी मारायचंच नाही, कारण खडीची भुकटी आणि पाणी मिळून जाळीत सिमेंटसारखा लगदा बसतो. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकायची सवय सोडा. कण डोळ्यात जातात, कानाचा पडदा फाटतो.

पंप विजेवर असेल तर वायरचा जोड पाण्यात पडलेला नाही ना, अर्थिंग आहे ना, आणि लाइनवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) आहे ना, हे आधी पाहा. ओल्या पायांनी, ओल्या जमिनीवर, चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरशेजारी काम करणं म्हणजे जीव टांगणीला लावणं.

डिझेलने धुणं

धुतल्यावर चमक यावी म्हणून खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारायची पद्धत सगळीकडे आहे. मी तिच्या पूर्ण विरोधात आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस ठरलेला आहे, म्हणजे त्यापुढे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये नुसती हवाच बेचाळीसच्या वर जाते, त्यात ते फवारून धुकं केलेलं. शेजारी कुणी वेल्डिंग करत असतो, कुणी विडी ओढत असतो. शिवाय डिझेलने रबरी होस फुगतात, पायऱ्या निसरड्या होतात आणि दुसऱ्या दिवशीची सगळी धूळ त्यावर चिकटते. चमक एका दिवसाची. तेलकट भागावर पाण्यात मिसळणारं डिग्रीझर लावा, दहा मिनिटं मुरू द्या, ब्रशने घासा.

इंजिनाच्या खालच्या पत्र्यात साठलेला कचरा मात्र न विसरता काढा. साखर कारखान्यावर चालणाऱ्या लोडरमध्ये उसाचं पाचट आणि बगॅस, म्हणजे चोथा, टर्बोच्या आजूबाजूला जमतं, त्यात थोडं तेल गळालेलं असतं. आगीला आणखी काय हवं?

धुतलेलं तेलकट पाणी नाल्यात सोडू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. यार्डात सिमेंटचा उताराचा कट्टा, त्यापुढे गाळ बसायला एक हौद आणि तेल वर तरंगून वेगळं व्हायला दुसरा, एवढं बांधता येतं. शेजारची विहीर कुणाची तरी पिण्याची असते.

काँक्रीट वाहून नेणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरच्या ड्रमबद्दल थोडक्यात पण कळकळीने सांगतो. शेवटची खेप उतरल्यावर लगेच पाणी आणि थोडी खडी टाकून ड्रम जोरात फिरवला तर काँक्रीट आत बसत नाही. हा कंटाळा केला की महिन्याभरात आत दगडी थर होतो आणि मग तो फोडायला ब्रेकर देऊन माणूस ड्रममध्ये उतरवला जातो. आत हवा कोंडलेली, आवाज डोकं फोडणारा, काँक्रीटची सिलिका असलेली धूळ फुफ्फुसात जाणारी, आणि डोक्यावरचा थर कधीही निखळणारा. उतरावंच लागलं तर ड्रम यांत्रिक अडसराने अडकवलेला, चावी आतल्या माणसाच्या खिशात, हवा खेळती ठेवणारा पंखा, चांगला मास्क, आणि बाहेर एक माणूस जो जागा सोडणार नाही. एकट्याने कधीही नाही.

धुऊन झाल्यावर मशीन वाळू द्या आणि प्रत्येक निप्पलला ग्रीस द्या. पाणीमिश्रित जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. मग टॉर्च घेऊन एक फेरी मारा. बूमच्या वेल्डिंगवर केसासारखी तांबूस रेघ दिसली तर ती चीर असते. नटाभोवती गंजाचं वर्तुळ दिसलं तर तो नट सैल होऊन घासतोय. चिखलाखाली हे दिसलं नसतं. दहा मिनिटं मशीन चालवून पुन्हा बंद करा आणि नव्याने ओलं झालेलं काही आहे का पाहा.

आणि दसऱ्याचा हार. तो पुढच्या जाळीवर बांधू नका. झेंडूच्या पाकळ्या वाळल्या की पंखा त्या आत ओढतो. दिवाळीच्या सुमारास “मशीन तापतंय” म्हणून आलेल्या एका जेसीबीच्या रेडिएटरमधून मी चिमट्याने मूठभर पाकळ्या काढल्या होत्या, अजून केशरी होत्या. हार आरशाला किंवा केबिनच्या खांबाला बांधा, आणि तिसऱ्या दिवशी, फुलं सुकायच्या आत, उतरवून घ्या.